गावच्या मैदानातून थेट प्रसारण: छोट्या रेडिओ केंद्रानं सामन्याचे हक्क कसे मिळवावेत

सामुदायिक रेडिओ केंद्रात नव्यानं काम करू लागलेली मुलं पहिल्या महिन्यातच विचारतात, ‘भारताच्या मॅचची कॉमेंट्री आपल्या एफएमवर लावता येईल का?’ नाही लावता येणार. पण तालुक्यातली कबड्डीची फायनल, यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान, शाळाशाळांमधला खो-खो हे सगळं थेट प्रसारित करता येतं, आणि त्याचे ध्वनी हक्क बहुतेक वेळा कुणी मागितलेलेच नसतात. ते कुणाकडे मागायचे, कागदावर काय लिहून घ्यायचं आणि पाय कुठं घसरतो, ते इथं सांगतो. गेली काही वर्षं मी हेच काम करतोय. आमच्या भागातली मंडळी मोबाइल छातीच्या खिशात ठेवून, कानात वायर घालून, ऊस तोडता तोडता आपल्या गावच्या पैलवानाची कुस्ती ऐकतात तेव्हा या सगळ्या कागदपत्रांचं चीज होतं.

परवान्यात काय बसतं ते आधी बघा

खाजगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ साली आलं. त्यात खेळांपुरता नियम सरळ आहे: क्रीडास्पर्धांची माहिती देता येईल, थेट प्रसारण करता येणार नाही, मात्र स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांचं थेट समालोचन चालेल. सामुदायिक केंद्रांनाही हीच मुभा आहे. केंद्र सरकारशी झालेला तुमचा करार कपाटातून काढा आणि हे कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कुणी हरकत घेतली तर दाखवायला तेच उपयोगी पडतं.

‘स्थानिक’ म्हणजे नेमकं किती, याची माझी कसोटी साधी आहे. सामुदायिक केंद्राचा ट्रान्समीटर १०० वॉटच्या आसपासचा, म्हणजे आवाज पोचतो दहाएक किलोमीटर. त्या टापूतली माणसं ज्या संघांना नावानं ओळखतात तो सामना स्थानिक. जिल्हा अजिंक्यपद तुमच्या गावात भरलं असेल तर तेही बसतं. मुंबईत चाललेला आंतरराष्ट्रीय सामना तुमच्या गावचा खेळाडू खेळत असला तरी बसत नाही.

मोठ्या सामन्यांचा मामला निराळा आहे. जानेवारी २००७ मध्ये भारत–वेस्ट इंडीज मालिकेच्या वेळी नागपूरच्या सामन्यावरून दूरदर्शन आणि हक्क विकत घेतलेली वाहिनी यांच्यात वाद पेटला. त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धेचं प्रसारण करणाऱ्यानं आपलं चित्र आणि समालोचन जाहिराती काढून प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचं, आणि जाहिरातीच्या उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा दूरचित्रवाणीसाठी किमान ७५ टक्के, रेडिओसाठी किमान ५० टक्के ठेवायचा. हे देणं फक्त प्रसार भारतीसाठी आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा सिग्नल खाजगी केबल आणि डीटीएचवाल्यांकडे जाऊ देण्यालाही नकार दिला. तिथं आपल्यासारख्यांना कुठून वाट मिळणार?

तेव्हा आकाशवाणीची कॉमेंट्री पकडून आपल्या मिक्सरमध्ये जोडायचा मोह टाळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक प्रसारण संस्थेला आपल्या प्रसारणावर २५ वर्षं हक्क असतो, आणि परवानगीशिवाय ते पुन्हा प्रसारित करणं हा हक्कभंग ठरतो. टीव्हीसमोर बसून चेंडूगणिक बोलणंही नको. मोबाइलवर धावसंख्या पाठवणाऱ्या कंपन्यांच्या खटल्यात २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं सामन्याच्या माहितीवर हक्कधारकांची मालकी मानली नाही, पण ते प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. कार्यक्रमाच्या मध्ये ‘भारत ३ बाद १८०’ एवढं सांगणं वेगळं आणि सगळा सामना त्यावर चालवणं वेगळं.

हा हक्क येतो कुठून?

इथं थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

१९३७ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत व्हिक्टोरिया पार्क नावाचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. शेजारी राहणाऱ्या टेलर नावाच्या गृहस्थानं आपल्या अंगणात उंच मचाण बांधलं. त्यावर उभं राहून समालोचक कुंपणापलीकडच्या शर्यती बघायचा आणि टूयूडब्ल्यू हे रेडिओ केंद्र त्याचं बोलणं प्रसारित करायचं. घरबसल्या शर्यत ऐकायला मिळाल्यावर तिकीट कोण काढणार? मैदानाचे मालक न्यायालयात गेले आणि हरले. न्यायाधीशांनी ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, की देखाव्यावर मालकी नसते. बघू द्यायचं नसेल तर कुंपण उंच करा.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये तसाच प्रकार झाला. पायरेट्स या बेसबॉल संघानं आपल्या सामन्यांचे रेडिओ हक्क विकले होते. केक्यूव्ही या दुसऱ्या केंद्रानं मैदानात डोकावता येईल अशा बाहेरच्या जागा धरल्या, तिथं माणसं बसवली आणि समालोचन सुरू केलं. तिथल्या न्यायालयानं निकाल संघाच्या बाजूनं दिला. सामना भरवण्याचा खर्च संघ करतो, मैदान त्याच्या ताब्यात आहे, तेव्हा सामन्याची खबर ठरावीक काळ कशी बाहेर जावी हे तो ठरवू शकतो, असं न्यायालय म्हणालं.

दोन देशांत दोन उलटे निकाल लागले, पण दोन्हीकडे बोट एकाच गोष्टीवर आहे: मैदानाचं दार कुणाच्या हातात आहे? आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रसारणाचा हक्क आहे, ‘सामन्याचा हक्क’ असं वेगळं कलम नाही. आपल्याकडे हा हक्क तयार होतो तो आयोजकाच्या ताब्यातून आणि त्यानं केलेल्या करारांतून. परदेश दौऱ्यातल्या सामन्याचे हक्क यजमान मंडळ विकतं ते त्यामुळंच. २०१८-१९ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या श्रीलंका आणि वेस्ट इंडीज दौऱ्यांचं रेडिओ समालोचन बीबीसीच्या हातून निसटून टॉकस्पोर्ट या खाजगी रेडिओ केंद्राकडे गेलं. बीबीसीसारख्या संस्थेलाही श्रोते आपले म्हणून सामना आपला, असं म्हणता आलं नाही.

आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून कॉमेंट्री करायचा विचार कुणाच्या मनात आला असेल, तर तो काढून टाका. कायद्याचं राहू द्या. ज्या गावात वर्षभर काम करायचंय त्या गावच्या मंडळाशी असं वागून चालत नाही.

दार कुणाच्या हातात आहे ते शोधा

हे शोधायला वकील लागत नाही, स्पर्धेचं पोस्टर लागतं. खालच्या भागातली बारीक अक्षरं वाचा. ‘आयोजक’ म्हणजे खर्च आणि जबाबदारी घेणारं मंडळ. ‘मान्यतेने’ च्या पुढं जिल्हा कबड्डी किंवा खो-खो असोसिएशनचं नाव असेल तर पंच त्यांचे, नियम त्यांचे, आणि अनेकदा प्रसारणाबद्दल त्यांच्या मान्यतापत्रात एखादी अट असते. ‘सौजन्य’ म्हणजे प्रायोजक. त्याच्याकडे हक्क नसतो, पण कुठल्या जाहिराती चालणार नाहीत हे तो ठरवून बसलेला असतो. ‘स्थळ’ म्हणजे मैदान. ते शाळेचं, ग्रामपंचायतीचं किंवा देवस्थानचं असेल तर वायर ओढायची आणि टेबल मांडायची परवानगी तिथून.

कुस्तीच्या मैदानात बहुतेक ठिकाणी यात्रा कमिटी सर्वेसर्वा असते. शालेय स्पर्धांसाठी तालुका किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठा आणि ज्या शाळेत सामने आहेत तिथल्या मुख्याध्यापकांनाही पत्र द्या. मुलांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर पालकांची संमती शाळेमार्फत घ्या.

आता सगळ्यात मोठा खड्डा. हल्ली टेनिस बॉल क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह जातात. चित्रीकरणाचं काम करणारी मंडळी आयोजकाशी छोटासा करार करतात आणि त्यात ‘सर्व माध्यमांतील थेट प्रक्षेपणाचे सर्वाधिकार’ असं एक वाक्य असतं. आयोजकाला वाटतं आपण व्हिडिओ दिला. प्रत्यक्षात त्यानं रेडिओही दिलेला असतो. आमच्या दुसऱ्याच वर्षी एका फायनलच्या आधी पाच मिनिटं, टेबल मांडून, हेडफोन कानाला लावून बसलो असताना चित्रीकरणवाल्यांनी तो कागद आमच्यापुढं धरला. आयोजकांनी आम्हाला तोंडी हो म्हटलं होतं आणि ते खरंच मनापासून होतं, पण देण्यासारखं त्यांच्याकडं काही उरलेलंच नव्हतं. दोन तासांचा मोकळा वेळ आम्ही जुन्या मुलाखती लावून भरला. गावात लोक रेडिओ लावून बसले होते, त्याचं वाईट अजून वाटतं.

तेव्हापासून पहिला प्रश्न हाच विचारतो: ‘व्हिडिओचा करार झालाय का? एकदा वाचू द्याल का?’ झालेला नसेल तर त्यात ‘रेडिओ व ध्वनी वगळून’ एवढे शब्द घालायची विनंती करा. झाला असेल तर थेट त्या यूट्यूबवाल्यांना भेटा. त्यांचा धंदा चित्राचा आहे, आवाजावरून भांडायला ते सहसा उभे राहत नाहीत. तुम्ही त्यांच्या चॅनलचं नाव दोनदा घ्यायची तयारी दाखवलीत की लिहून देतात.

कागद

विनंतीपत्र किमान महिनाभर आधी द्या आणि त्याची पोच घ्या. परवानगी आयोजकाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष किंवा सचिवाची सही आणि शिक्का असलेली हवी. आम्ही मसुदा स्वतःच टाइप करून नेतो, कारण नाहीतर ‘हरकत नाही’ एवढ्या दोन शब्दांचं पत्र हातात पडतं. मसुदा असा:

‘आमच्या मंडळातर्फे दि. ___ ते ___ या कालावधीत ___ येथे होणाऱ्या स्पर्धेतील सर्व सामन्यांचे मराठीतील धावते समालोचन ___ या रेडिओ केंद्राने आपल्या एफएम वाहिनीवर तसेच केंद्राच्या अ‍ॅपवर थेट प्रसारित करण्यास मंडळाची परवानगी आहे. सदर ध्वनी हक्क मंडळाने अन्य कोणासही दिलेले नाहीत. पावसामुळे वा अन्य कारणाने सामने पुढे गेल्यास हीच परवानगी नव्या तारखांना लागू राहील. केंद्रास समालोचनाचे ध्वनिमुद्रण करण्याचा व पुढील एक वर्ष त्याचे भाग पुनःप्रसारित करण्याचा अधिकार राहील. मैदानालगत दोन व्यक्तींसाठी जागा, टेबल व वीजजोडणी मंडळ उपलब्ध करून देईल.’

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या वर्षी चटका बसल्यावर आलंय. अ‍ॅपचं लिहिलं नाही तर तो हक्क मिळालेला नसतो. एफएम आणि इंटरनेट ही दोन वेगळी माध्यमं आहेत. पुण्या-मुंबईत किंवा आखातात नोकरीला असलेली गावची मुलं अ‍ॅपवरच ऐकतात, म्हणून ते मला फार मोलाचं वाटतं. पावसाचं वाक्य नसेल तर राखीव दिवशी नवीनच माणूस अडवतो. आणि ‘अन्य कोणासही दिलेले नाहीत’ हे वाक्य लिहिताना आयोजकाला आपोआप तो यूट्यूबचा कागद आठवतो.

पैशाची देवघेव असेल किंवा तुम्हाला एकट्यालाच हक्क हवे असतील तर पत्रावर भागवू नका, करार करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी किमान ५०० रुपयांचा झालाय. शिवाय एखाद्या कार्यक्रमाच्या प्रसारणाचे एकमेव हक्क देणाऱ्या करारासाठी मुद्रांक कायद्यात स्वतंत्र नोंद आहे आणि तिथं शुल्क रकमेवर ठरतं. मोठी रक्कम असेल तर आधी सीए किंवा वकिलाला दाखवा. माझा सल्ला विचाराल तर छोट्या केंद्रानं एकमेव हक्कांच्या मागं लागूच नये. शेजारच्या केंद्रानंही सामना लावला तर आपलं काय जातं?

देणं-घेणं

सुरुवातीला हक्कांसाठी पैसे देऊ नका, आणि आयोजकाकडून घेऊही नका. तुमच्याकडं देण्यासारखं आहे ते म्हणजे वेळ. स्पर्धेआधी पंधरा दिवस रोज संघांची माहिती, जुन्या खेळाडूंच्या गप्पा, तारखा. मंडळाला त्याची किंमत नीट कळते, कारण गावोगावी रिक्षा फिरवायला किती खर्च येतो हे त्यांना माहीत असतं.

जाहिरातींचा हिशेब मात्र बसून करा. सामुदायिक केंद्रांना २०२४ पासून तासाला १२ मिनिटं जाहिराती करता येतात; आधी ७ मिनिटं होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झालाय. पूर्ण १२ मिनिटं भरली तर ७२ तुकडे, म्हणजे तासाला ५,३२८ रुपये. गावातला खतवाला किंवा मोबाइलचं दुकान एवढा दर देणार नाही, त्याला परवडेल तो ठरवा. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती, आणि प्रत्येक डावात संघाला अर्ध्या मिनिटाचे दोन टाइमआउट. जाहिरात तिथंच बसते. चढाई चालू असताना जाहिरात लावणारं केंद्र लोक पुन्हा लावत नाहीत.

आणखी एक: सामुदायिक केंद्रांच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रायोजित कार्यक्रमांवर बंधन आहे, लोकहिताची माहिती देणारे, सरकारनं किंवा तशाच संस्थांनी प्रायोजित केलेले कार्यक्रम तेवढे चालतात. म्हणून ‘अमुक ज्वेलर्स प्रस्तुत कबड्डी’ असं नाव देऊन सगळा सामना विकू नका. स्थानिक दुकानांच्या सुट्या जाहिराती घ्या.

मैदानातून नको ते हवेत जाऊ नये म्हणून

स्पर्धेचं नावच ‘आमदार चषक’ किंवा ‘सरपंच चषक’ असतं. नाव घ्यावं लागतं, घ्या. पण उद्घाटनाची आणि बक्षीस समारंभाची भाषणं थेट सोडू नका. राजकीय स्वरूपाचा कार्यक्रम आपल्याला करता येत नाही, आणि आचारसंहितेच्या काळात तर एकेका वाक्याचं उत्तर द्यावं लागेल. त्या वेळात स्टुडिओत परत या. मैदानाभोवती गुटख्याचे किंवा सट्टेबाजीच्या अ‍ॅपचे फलक असतील तर समालोचक ते वाचणार नाही, हे त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. मध्यंतरात लाउडस्पीकरवर सिनेमातली गाणी लागतात. ती आपल्या माइकमधून गेली तर गाण्यांच्या हक्कांचा वेगळाच प्रश्न उभा राहतो. मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली घ्या.

कुस्तीत अजून एक परवानगी लागते आणि ती नवखे हमखास विसरतात. मैदानात आयोजकांचा निवेदक असतो. शंकरराव पुजारींनी हे निवेदन काय उंचीवर नेलं ते कुस्तीच्या माणसाला सांगायला नको. पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम, गेल्या वर्षी कुणाला चितपट केलं, सगळं त्यांच्या जिभेवर. असा निवेदक मैदानात असेल तर त्याच्या माइकची लाइन थेट मिक्सरमध्ये घ्यावीशी वाटतेच. पण आवाज त्याचा आहे, आयोजकाचा नव्हे. त्याला भेटा, विचारा, दोन ओळी लिहून घ्या आणि मानधनाचं पाकीट द्या.

एका मैदानात आम्ही साउंडवाल्याकडून अशी लाइन घेतली आणि आपला समालोचक हौद्यापासून दहा पावलांवर बसवला. शेवटची कुस्ती दिवेलागणीला लागली. हलगीवाले नेमके आमच्या टेबलामागं उभे राहिले आणि समालोचकाला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. माइक त्यानं ओठांना जवळजवळ टेकवला आणि हलगीच्या ठेक्यात, तुकड्यातुकड्यांनी बोलू लागला: ‘पट काढला... निसटला... पुन्हा समोरासमोर... माती लावली अंगाला...’ ऐकणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की हलगीमुळंच मैदानात असल्यासारखं वाटलं. तेव्हापासून हलगीसाठी वेगळा माइक लावतो.

समालोचनाची भाषा घडवायची असेल तर बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत कसं आणलं ते जुन्या श्रोत्यांना विचारा. आपल्याकडं कबड्डी-कुस्तीचे शब्द तयारच आहेत. चढाई, पकड, मध्यरेषा, ढाक, घिस्सा. ते तसेच वापरा.

सामन्यानंतर

ध्वनिमुद्रण किमान तीन महिने जपून ठेवायचं बंधन सामुदायिक केंद्रावर आहेच. आम्ही ते वर्षाच्या फोल्डरमध्ये परवानगीपत्राच्या स्कॅनसकट ठेवतो. आठवड्याच्या आत पेनड्राइव्हवर एक प्रत मंडळाला नेऊन द्या, आणि जिंकलेल्या खेळाडूच्या घरीही एक. तिथं बसल्या बसल्या पुढच्या वर्षीच्या तारखांचा विषय काढा आणि पोस्टर छापायला जाण्याआधी मजकूर दाखवायला सांगा. ‘थेट प्रसारण’ या शब्दांपुढं तुमच्या केंद्राचं नाव आणि फ्रिक्वेन्सी पडली, की यूट्यूबवाल्यांपासून मैदानाच्या फाटकावरच्या पोरापर्यंत सगळ्यांना ते आधीच माहीत झालेलं असतं.